सेवेचा श्रीगणेशा बॅनरपासून करावा

अभिनंदन, अध्यक्षमहाराज! १ जुलैला सेवाभावी क्लबाच्या अध्यक्षपदाची कॉलर गळ्यात पडली, घंटा वाजवून झाली, मावळत्या अध्यक्षांबद्दल दात-ओठ खात चार चांगले शब्द बोलून झाले आणि फेलोशिपच्या जेवणातलं पनीरही संपलं. आता ३० जूनपर्यंत समाजाची सेवा करायची. खरं तर मार्चपर्यंतच, कारण पुढचे महिने अहवाल आणि अवॉर्डच्या फाइलींत जातात. वेळ थोडा आहे, म्हणून एका प्राथमिक शिक्षिकेकडून काही सूचना. मी लाभार्थी आहे. या क्षेत्रातला माझ्याएवढा अनुभव तुमच्या क्लबात कुणाला नसेल.

आधी बॅनर. प्रकल्प नंतर ठरवला तरी चालतो, पण बॅनरवर कुणाचा फोटो केवढा, हे पहिल्या मीटिंगला ठरू द्या. त्यावरून क्लबात फूट पडते. वह्यांवरून पडल्याचं ऐकलं नाही.

कामाला १ जुलैलाच लागा, त्या दिवशी सगळं आयतं असतं. डॉक्टर्स डे, सीए डे आणि वसंतराव नाईकांच्या जयंतीचा कृषी दिन, तिन्ही एकाच तारखेला. डॉक्टर आणि सीए क्लबातच मिळतात, त्यामुळे तुम्ही माझा करा, मी तुमचा करतो, असा सत्कार तासाभरात उरकतो. शेतकरी मात्र बाहेरून आणावा लागतो. धोतर-फेट्यातला बघून आणा. जीन्स घातलेला फोटोत शेतकरी वाटत नाही.

वृक्षारोपणात ट्री गार्डवरचं नाव दोन्ही बाजूंनी रंगवा. रोपाचं पुढचं शेळी बघून घेईल.

रक्तदान शिबिर आपल्या वाढदिवसाला किंवा १५ ऑगस्टला घ्या, म्हणजे गावातली बाकीची मंडळंही त्याच दिवशी घेत असतील आणि चुरस येईल. रक्तपेढीवाले कुरकुर करतील. रक्ताची पिशवी ३५ ते ४२ दिवसच टिकते, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, दाते मिळत नाहीत, तेव्हा शिबिर घ्या म्हणतील. हो म्हणा आणि विसरा. मे महिन्यात तुम्ही महाबळेश्वरला असता.

हायस्कुलात सॅनिटरी नॅपकिनचं व्हेंडिंग मशीन बसवलंत तर आत एकदाच माल भरा. पुढच्या महिन्यापासून मुलींना पाळी येत नाही.

आता मुख्य विषय, प्राथमिक शाळा. जिल्हा परिषदेची असेल तर उत्तम. पोरं ओळीने बसतात, सांगितलं की टाळ्या वाजवतात आणि कुणाकडे तक्रार करत नाहीत. शाळेला काय हवंय हे शाळेला विचारायच्या भानगडीत पडू नका. गटशिक्षणाधिकारी साहेबांना फोन करा, साहेब केंद्रप्रमुखांना सांगतील, आणि आम्हाला आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उद्या मान्यवर येत आहेत, उपस्थिती शंभर टक्के ठेवावी’ एवढं कळेल.

दहाची वेळ देऊन साडेबाराला या. गेल्या आठवड्यात आमच्याकडे आलेल्या क्लबाने हा नियम काटेकोर पाळला. लेझीमवाली पोरं फाटकाशी उन्हात, बाकीची मैदानात मांडी घालून, आणि आत खिचडी गार. पाहुण्यांआधी मुलांना कसं जेवू घालणार? बॅकग्राउंडला ताटं दिसली असती.

किती जण येणार तेही कळवू नका. दात्यांचा सत्कार शाळेने करायचा असतो, आणि त्या शाली आम्ही मास्तर-बाई वर्गणी काढून आणतो. गाडीतून ठरल्यापेक्षा दोघे जास्त उतरले की धमाल येते. आमच्या मुख्याध्यापिकांनी सुरुवातीला सत्कार झालेल्या एका काकांच्या खुर्चीमागून त्यांची शाल अलगद काढली, कार्यालयात जाऊन नव्याने घडी घातली आणि ती सहखजिनदारांच्या खांद्यावर चढवली. वह्यांच्या गठ्ठ्यांची किंमत आणि आमचा शाल-श्रीफळ-नाश्त्याचा खर्च यांची वजाबाकी मी मुद्दाम केलेली नाही.

वह्या सगळ्यांना सारख्या द्या. दोनशे पानी, एकरेघी. पहिलीच्या पोराला दुरेघी वही लागते, गणिताला चौकटीची, इंग्रजीला चाररेघी, हे एका फोनवर कळलं असतं. पण फोन कशाला? मलपृष्ठावर पाढ्यांऐवजी कार्यकारिणीचे फोटो आहेत, पोरं ते पाठ करतील.

वाटताना एका वहीला किमान सहा हात लागले पाहिजेत. दुसरीतल्या एका मुलीला वही दिली, तेवढ्यात सेक्रेटरींचं डोकं मध्ये आलं. वही काढून घेतली, पुन्हा दिली. मग फर्स्ट लेडी, म्हणजे अध्यक्षांच्या सौ., फ्रेममध्ये नाहीत असं लक्षात आलं. वही परत घेतली. तिसऱ्या वेळी त्या पोरीने हात पुढे केलाच नाही. ‘घे गं, लाजतेस काय!’ लाजत नव्हती ती. आपलं काहीतरी चुकलं म्हणून परत घेतायत, असं वाटत होतं तिला. रडायच्या बेतात होती. फोटो छान आलाय, पेपरातही आला.

आणि तो पाण्याचा फिल्टर! गेल्या आठवड्यात आलेल्या त्याच क्लबाच्या गेल्या वर्षीच्या अध्यक्षांनी व्हरांड्यात पाणी शुद्ध करणारा आरओ बसवला. खाली चार नळ, वर ग्रॅनाइटचा फलक: अध्यक्ष, सेक्रेटरी, प्रोजेक्ट चेअरमन, ‘यांच्या शुभहस्ते’. फलक नळांपेक्षा रुंद आहे. बसवण्याआधी पाणी तपासलं का? नाही. क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओ लावू नये, असं हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलंय, पण तपासणीचा फोटो काय येणार! एक लिटर शुद्ध पाणी द्यायला हे यंत्र दोन-तीन लिटर मोरीत सोडतं, आणि आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो. बायका घागरी घेऊन रांगेत आणि शाळेच्या मोरीतून पाण्याची धार. ग्रामस्थ काय बोलले असतील? ते आम्हाला बोलले, तुम्हाला नाही. पुढे कँडल तुंबली, मग आतली मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारी जाळी, गेली, मग थकलेल्या बिलापायी वीज कापली. पोरं पुन्हा घरून बाटल्या आणतात. ज्यांना बाटली नाही ती शेजारच्याची पितात.

गेल्या आठवड्यात कार्यक्रम संपल्यावर मी नूतन अध्यक्षांना विचारलं, सर, फिल्टरचं काही बघता का? ते म्हणाले, ‘मॅडम, ते गेल्या वर्षीचं प्रोजेक्ट. आमच्या वर्षातलं नाही.’ माजी अध्यक्षांना फोन केला, तर ते म्हणाले, ‘आता माझ्याकडे फंड नाही, नव्यांशी बोला.’ आणि आरओचे लाभार्थी म्हणून अहवालात आमचा सगळा पट चढलाय, वर प्रत्येकाच्या घरची माणसंही धरलीत!

हे काय चाललंय? पोरांची तहानही १ जुलै ते ३० जून असते का?

पोलिओ आठवा. रोटरीने १९८५ मध्ये जगातून पोलिओ घालवायचा विडा उचलला. भारतातला शेवटचा रुग्ण सापडला १३ जानेवारी २०११ ला, पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं २७ मार्च २०१४ ला. सरकारी यंत्रणा होती, अंगणवाडी सेविका दारोदार फिरल्या, बूथवर आम्ही शिक्षकही बसलो. पण इतक्या वर्षांत एका एका क्लबाचे किती अध्यक्ष बदलले असतील? ‘ते थेंब आमच्या वर्षातले नाहीत’ म्हणून त्यांनी हात वर केले असते तर? हेलन केलर यांनी १९२५ मध्ये लायन्सना अंधांसाठी काम करा म्हणून साद घातली, आणि ते लोक अजून मोतीबिंदूची शिबिरं घेतात. हे तुमच्याच जातकुळीतले क्लब. तुमच्या भाषणांत त्यांचीच उदाहरणं असतात. पाठ आहेत तुम्हाला.

मग आमच्याच शाळेत येताना अक्कल कुठे ठेवता? सात वर्षांच्या पोरीच्या हातातून वही हिसकावता, तेही तिला दान देताना! भुकेली पोरं दोन-अडीच तास उन्हात बसवता आणि त्यांनाच शिस्तीवर भाषण देता. आम्ही गप्प बसतो कारण वरून साहेबांचा फोन असतो. याला तुम्ही आमची कृतज्ञता समजता? एक पैसा नाही दिलात तरी चालेल, पण पोरांना असं वापरू नका.

पुढच्या वेळी यायचंच असेल तर आधी मुख्याध्यापिकांना फोन करा. साडेबाराला मुलं जेवतात, तेव्हा येऊ नका. वही कोणती हवी, यादी आम्ही देतो. फिल्टर दुरुस्त करणारा माणूस पाठवा, तो एकटा आला तरी चालेल, तुम्ही सोबत नसलात तरी चालेल. फलकावर हवं तर तुमचंही नाव चढवा, जागा आहे. आणि सत्काराची अपेक्षा ठेवू नका. शालींची वर्गणी संपली आहे.