खुलासा: ग्वादलूपची ‘भजी’ शाकाहारी नाहीत

ग्वादलूप या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटसमूहातल्या खाण्यावरची माझी पोस्ट सध्या प्रवासाच्या ग्रुपांवर फिरतेय. तिच्यात मी लिहिलं होतं, ‘तिथले आक्रा म्हणजे आपली भजीच, शाकाहारींनी बिनधास्त खावीत.’ हे चुकीचं आहे आणि चूक माझीच आहे.

नुसतं आक्रा म्हटलं की बहुतेक ठिकाणी त्यात खारवलेला कॉड मासा असतो. खारटपणा काढून, कुस्करून तो पिठात मिसळतात, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. पॉइंत-आ-पित्रच्या बाजारात विक्रेतीला कृती विचारली, तेव्हा मला हे कळलं. चार खाऊन झाल्यावर! भोपळ्याचे किंवा भाज्यांचे आक्राही मिळतात, पण ते वेगळे मागावे लागतात. विचारताना ‘मोर्यू’ हा शब्द लक्षात ठेवा, म्हणजे कॉड.

कोलंबो हा तिथला एक मसाला आणि त्यात शिजवलेला रस्सा. ‘कोलंबो म्हणजे भारतीय करी, म्हणजे व्हेज’ ही पोस्टमधली पुढची भर माझी नाही, कुणीतरी घातली आहे. त्यातला भारतीय धागा मात्र खरा. १८५४ पासून करारावर आलेल्या मजुरांबरोबर, त्यांत तमिळ बरेच, धने-जिरे-हळद-मोहरीचा हा मसाला तिथे रुजला. पण पातेल्यात सहसा कोंबडी किंवा बकरं असतं. बोकित या तळलेल्या पावातही मासा किंवा चिकन भरतात.

नारळाचं सॉर्बे मात्र जरूर खा. रस्त्याकडेला बायका लाकडी पिंपात फिरवून करतात, आपल्या पॉट आइस्क्रीमसारखं.

जुनी पोस्ट मी काढली आहे. तुमच्याकडे असेल तर पुढे पाठवू नका, आणि जिथे पाठवली असेल तिथे हा खुलासा टाका.