कुणापुढं लागलंय?

कोल्हापूरकडची माणसं कोर्टातल्या केसविषयी "काय झालं?" असं आधी विचारत नाहीत. "कुणापुढं लागलंय?" असं विचारतात. आमचे आबा, म्हणजे थोरले चुलते, जमिनीच्या दाव्यासाठी वर्षानुवर्षं महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरायचे. हायकोर्टात बोर्ड बघायचा, वकिलाला गाठायचं आणि हाच प्रश्न. उत्तर ऐकून त्यांचा चेहरा खुलायचा किंवा पडायचा. कागद तेच, कायदा तोच, पण न्यायमूर्ती बदलले की आबांचा मूड बदलायचा.

मी गेली नऊ वर्षं कार्ल्सरूहला आहे. जर्मनीचं घटना न्यायालय याच गावात आहे. राजधानी आधी बॉनला होती, मग बर्लिनला गेली, कोर्ट मात्र १९५१ पासून इथंच. ऑफिसला जाताना माझी सायकल त्याच्या बाजूने जाते. राजवाड्याला लागून असलेल्या सपाट छपराच्या काचेच्या इमारती. घुमट नाही, खांब नाहीत, पायऱ्यांची ती भव्य रांग नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कृषी संशोधन केंद्र असेल असं वाटलं होतं.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कॉलेजियमवरून भांडण पेटतं. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायचे, हे कुठल्या देशात चालतं, असा एका बाजूचा सवाल. सरकारच्या हातात दिलं तर काय होईल ते आणीबाणीत पाहिलंय, हे दुसऱ्या बाजूचं उत्तर. न्यायाधीश निवडताना सरकारलाही जागा देणारा न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने रद्द केला, तेव्हापासून वाद तिथंच अडकलाय. मी जर्मनीत, म्हणून निवाडा माझ्याकडे मागितला जातो.

तर इथली पद्धत अशी. सोळा न्यायाधीश, आठ-आठ जणांची दोन सिनेट. अर्धे संसदेचं कनिष्ठ सभागृह निवडतं, अर्धे राज्यांचं सभागृह, आणि दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं लागतात. मुदत बारा वर्षं, पुन्हा संधी नाही. सध्याचे अध्यक्ष हार्बार्ट कोर्टावर येईपर्यंत सत्ताधारी पक्षाचे खासदार होते. हे सांगितलं की ग्रुपवर दोन्ही बाजू एकदम गप्प होतात. आपल्याकडे एखादा खासदार असा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला असता तर टीव्हीवाल्यांची महिनाभराची सोय झाली असती.

पण म्हणून इथं सगळं सुरळीत आहे असं नाही. जुलै २०२५ मध्ये ब्रोझिउस-गेर्सडॉर्फ या कायद्याच्या प्राध्यापिकेचं नाव पुढे आलं आणि सत्तेतल्याच एका पक्षाचे लोक मतदानाच्या दिवशी सकाळी बिथरले. मतदान रद्द. ऑगस्टमध्ये बाईंनी स्वतःच माघार घेतली, आणि जागा भरायला सप्टेंबर उजाडला. राजकारण्यांच्या हाती निवड दिली की राजकारण होणारच. दोन तृतीयांशची अट इथं चालते, कारण एवढी मतं कुठल्याच एका पक्षाकडे नसतात.

म्हणून मला नेमणुकीच्या वादात फारसा रस उरलेला नाही. माझा मुद्दा आबांच्या प्रश्नाचा आहे.

इथल्या राज्यघटनेच्या १०१ व्या कलमात एक छोटं वाक्य आहे: कायद्याने ठरलेल्या न्यायाधीशापासून कोणालाही दूर नेता येणार नाही. म्हणजे कुठल्या विषयाचं प्रकरण कोणत्या सिनेटकडे आणि त्यातल्या कोणाच्या टेबलावर जाणार, हे प्रकरण येण्याआधीच वाटून छापलेलं असतं. तक्रार आल्यावर अध्यक्षांनी "हे तुम्ही बघा" म्हणायची सोय नाही. आणि निर्णय सिनेटचा असेल तर तो आठही जण मिळून देतात.

आपल्या सर्वोच्च न्यायालयात मंजूर पदं तीसहून अधिक, पण रोजचं काम दोघा-तिघांच्या खंडपीठांत. म्हणजे एका छपराखाली डझनभर सर्वोच्च न्यायालयं, आणि कुठल्या दारातून आत जायचं ते सरन्यायाधीश ठरवणार. 'मास्टर ऑफ द रोस्टर' म्हणतात ते हेच. १२ जानेवारी २०१८ ला चार ज्येष्ठ न्यायमूर्ती पत्रकारांसमोर येऊन बसले, ते याच वाटपावरून. दोन आठवडे चर्चा झाली, मग आपण पुन्हा कॉलेजियमकडे वळलो. उदय लळित ७४ दिवस सरन्यायाधीश होते. तेवढ्यात त्यांनी प्रकरणं सुनावणीला लावायच्या यादीची पद्धत बदलली. त्यांच्यानंतर पुढचे आपली आणणार. अशी गोष्ट माणसागणिक बदलावी हेच मला खटकतं.

आता कोणी म्हणेल, जर्मन मापाचा अंगरखा आपल्याला कशाला? मान्य. हे कोर्ट फक्त घटनेचं बघतं. अपिलांसाठी इथं वेगळी पाच सर्वोच्च न्यायालयं आहेत. दिल्लीत भाडेकरूच्या वादापासून घटनादुरुस्तीपर्यंत सगळं एकाच रांगेत, आणि रांग ऐंशी हजारांच्या वर. विधी आयोगाने २००९ मध्ये सुचवलं होतं की घटनेचं पीठ दिल्लीत ठेवा आणि अपिलांसाठी मुंबईसह चार ठिकाणी पीठं बसवा. ते धूळ खात पडलंय. पण वाटप आधी ठरवून जाहीर करायला ना घटनादुरुस्ती लागते ना नव्या इमारती. आणि जर्मनीकडून काही घ्यायचंच नाही असंही नाही: घटनेच्या मूळ चौकटीला हात लावता येणार नाही, या केशवानंद खटल्यातल्या १९७३ च्या निकालामागे डीट्रिश कोनराड या जर्मन अभ्यासकाची मांडणी होती. १९६५ मध्ये त्याने ती बनारसला व्याख्यानात सांगितली होती. एवढी मोठी गोष्ट चालली, तर वाटपाचा तक्ता चालायला हरकत काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. आबांचा महालक्ष्मीचा फेरा सुटला. त्यांना व्हिडिओ कॉलवर इथलं कोर्ट दाखवलं. इथं वकील नसला, पैसे नसले तरी कोणीही साधं पत्र लिहून तक्रार करू शकतो, हे ऐकून ते खूश झाले. शंभरातल्या दोन-तीनच तक्रारी यशस्वी होतात हे सांगितल्यावर "मग आपल्यासारखंच की" म्हणाले. बहुतेकांची सुनावणीच होत नाही, कागदावरच निकाल लागतो, हे मात्र त्यांना अजिबात पटलं नाही. फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. शेवटी म्हणाले, "पायऱ्या कुठायत रं? वकील उभं कुठं राहत्यात?"