दर तिसऱ्या गोळीला अडणारं पिस्तूल

साताऱ्यात पोवई नाक्यापासून जरा आत आमचा कट्टा. बसायचा कट्टा, गावठी नव्हे. हे सांगावं लागतंय, कारण परवा संध्याकाळी विषय पिस्तुलाचा निघाला आणि चहावाल्याचं पोरगं ग्लास ठेवता ठेवता म्हणालं, "कट्ट्यावर कट्टा काढलाय व्हय?" त्यानंतर दहा मिनिटं कुणी धड बोललंच नाही.

पिस्तूल बापूचं. म्हणजे आजोबांचं. त्यांनी मुंबईत एका पारशी गृहस्थाकडून घेतलेलं, विलायती, .३२ बोअरचं, तळहातात मावेल एवढं. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून बापूकडे रीतसर परवान्यावर आलेलं. बापूने मोबाइलमधला फोटो दाखवला. दिसायला झकास. पण रायफल क्लबात नेलं की दोन गोळ्या सुटतात आणि तिसरीला अडतं. कधी दुसरीलाच.

पिंट्याचा एमआयडीसीत लेथ आहे. जगातली कुठलीही वस्तू त्याला लेथवर चढवावीशी वाटते. "स्प्रिंग गेली असणार. दे इकडं, उद्या संध्याकाळी नवी करून देतो. अमेरिकेत लोक स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलून बसतात."

वकिलांनी चहा खाली ठेवला. "अमेरिकेत बसू देत. इथं १९५९चा शस्त्र कायदा आहे. कलम ५ वाच. बंदूक बनवायला परवाना लागतो, तसाच दुरुस्त करायलाही लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं आहेत, जन्मठेपेपर्यंत."

"स्प्रिंगला जन्मठेप?"

"स्प्रिंगला नाही. तुला."

मग पिंट्याने दुसरा मार्ग काढला. विकून टाक. ऐंशीच्या दशकात खासगी माणसाला बाहेरून शस्त्र आणणं बंद झालं, तेव्हापासून असल्या जुन्या विलायती पिस्तुलांचे भाव लाखांच्या भाषेत बोलले जातात. धड चालत नसलं तरी. मला यात कायम गंमत वाटते. तिकडे जी वस्तू कुणाच्याही ड्रॉवरमध्ये पडलेली असते, ती इकडे सोन्यासारखी तोलतात, आणि चालतं का हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

"विक आणि कानपूरचं रिव्हॉल्वर घे," पिंट्या म्हणाला. "ते पण .३२चंच. गोळ्या पण ह्याच चालतील."

इथे सुभेदार काका पहिल्यांदा बोलले. काका अपशिंग्याचे, लष्करातून आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून निवृत्त. आयुष्य दुसऱ्यांची हत्यारं खोलण्यात गेलं, त्यामुळे बोलताना घाई नसते. "नाही चालत. रिव्हॉल्वरची .३२ लांब असते, बुडाला रुंद कड असते. पिस्तुलाची .३२ म्हणजे ७.६५ मिलिमीटरची. आकडा एक, काडतूस वेगळं. दोन्ही खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात म्हणून भाऊ-भाऊ होत नाहीत. बुडावर खडकीचा 'केएफ' शिक्का दिसला म्हणून घेऊन येशील."

पिंट्या गप्प बसणारा नव्हे. "असली पिस्तुलं एवढी नाजूक होती तर नाशकात कशी चालली? १९०९ साली अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला मारलं ते ब्राउनिंगनंच ना? सावरकरांनी लंडनहून वीस पाठवली होती, पेटीच्या चोरकप्प्यातून."

"तेव्हा नवी होती ती," काका म्हणाले. "स्प्रिंग पण आणि काडतुसं पण. बापू, तुझ्या गोळ्या कधीच्या?"

बापूने छताकडे पाहिलं. कट्ट्याला छत नाही. वडील असतानाच्या, असं कळलं.

एव्हाना मी माझं मत मांडून घेतलं होतं. ज्याचा भरवसा नाही ते पिस्तूल घरात असण्यापेक्षा नसलेलं बरं. ते नसेल तर माणूस दार लावून घेतो, शेजाऱ्याला हाक मारतो, कुत्रं पाळतो. असलं की पुढे जातो. आणि तिसऱ्या गोळीला उभा राहतो. बापूला हे लागलं. "मी काय कुणाला मारायला ठेवलंय? आजोबांचं आहे. घड्याळ बंद पडलं म्हणून आजोबांचं घड्याळ टाकतो का?"

"घड्याळ बंद पडलं तर गाडी चुकते," वकील म्हणाले.

काकांचं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो मघापासून आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता. "अडतं तेव्हा आत काय दिसतं? रिकामी पुंगळी का नवी गोळी?"

बापू विचारात पडला. अडलं की तो घाबरून आधी मॅगझिन काढतो. पण आठवून म्हणाला, "नवी गोळी. तोंड वर येतं, पुढं जात नाही. हातानं ढकललं तरी हलत नाही."

"मग पिस्तुलाला का शिव्या देताय? मॅगझिन बघा."

मग काकांनी समजावलं. या छोट्या पिस्तुलांत स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, नळीला कुलूपबंद नसतो. गोळी सुटली की पुंगळीच स्लाइडला मागे ढकलते. तिला आवरायला स्लाइडचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढंच. काडतुसाचा जोर कमी पडला, तर बहुधा रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या दारात अडकून धुराड्यासारखी उभी राहते. बापूचं दुखणं ते नाही. ७.६५च्या काडतुसाच्या बुडाला अंगापेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर जास्त रुंद कड असते. मॅगझिनमध्ये गोळ्या पुढेमागे सरकल्या आणि वरचीची कड खालचीच्या कडेच्या मागे गेली, की दोघी एकमेकींत अडकतात. वरची पुढे जायला बघते, खालची सोडत नाही. मग किती ढकला. मॅगझिन काढून सोडवावं लागतं.

काकांनी दोन बिस्किटं एकावर एक ठेवून ते दाखवलंही. पिंट्याने वरचं खाऊन टाकलं.

"मॅगझिन भरून ठेवतोस का रे कपाटात?" काकांनी विचारलं.

"ठेवतो. आजोबा पण ठेवायचे."

"म्हणजे सत्तर वर्षं तीच स्प्रिंग दबलेली, आणि गोळी धरून ठेवणारे वरचे ओठ फाकलेत का ते कुणी बघितलं नाही."

बापूला हे ऐकून हायसं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. एवढी वर्षं दोष पिस्तुलाचा धरला होता, निघाला मॅगझिनच्या डबीचा. ती डबीही बाजारात मिळणारी नाही. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच ओठ सरळ करून, नवी स्प्रिंग घालून घ्यावी लागणार.

"पुण्याला ने," वकील म्हणाले. "परवाना सोबत, मूळ. झेरॉक्स नाही."

"मॅगझिन रिकामी, वेगळ्या पाकिटात," काका म्हणाले. "आणि नव्या गोळ्या घे. भरताना प्रत्येकीची कड खालचीच्या पुढं बसली का बघायचं. क्लबात चाप ओढून नुसतं टक् वाजलं, तर लगेच उघडून बघायला जायचं नाही. तोंड समोर ठेवून अर्धा मिनिट थांबायचं. उशिरा पेटणारी गोळी पण असते."

बापूने सोमवारी जायचं ठरवलं. पिंट्या म्हणाला, "मी येतो. स्प्रिंगची तार कितीची असते तेवढं बघून घेतो."

"ये," वकील म्हणाले. "तू गाडीतच बस."