पहाटे चार चाळीसला उठणाऱ्या ताईंना

ताई,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. थकलेल्या मनाला विश्रांती आणि सजगतेने बळ कसं येतं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "मी चार चाळीसला उठते. डबे, पाणी, सासऱ्यांची औषधं, मग लोकल. हे सगळं रिकामा वेळ असलेल्यांसाठी आहे. श्वास मोजल्याने माझं काम कमी होणार आहे का? बायकांना अजून सोसायला शिकवू नका." आणि शेवटी, "माझ्या जावेला डोळे मिटून बसलं की छातीत धडधडतं, तिचं काय?"

आधी माझी चूक मान्य करते. त्या लेखात श्वासावर सहा परिच्छेद आहेत आणि झोपेवर एक. ते उलटं हवं होतं. मी एकवीस वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स आहे, हे मला तरी कळायला हवं होतं. एकदा सलग नाइट ड्युटी झाल्यावर पहाटे एका म्हाताऱ्या बाईंनी चौथ्यांदा पाणी मागितलं आणि मी त्यांच्यावर ओरडले. त्या घाबरून गप्प झाल्या. घरी जाताना बसमध्ये वाटत राहिलं, माझं काळीज दगड झालं, आता हे काम सोडावं. दोन दिवस नाइट ऑफ होता, पोटभर झोपले. परत आले तेव्हा त्याच बाईंजवळ बसून मी त्यांचे केस विंचरले. माझा स्वभाव बदललेला नव्हता, झोप मिळाली होती.

याचं कारण मेंदूत सापडतं. 2007 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. धडधाकट तरुण माणसांना सुमारे 35 तास जागं ठेवून त्रासदायक चित्रं दाखवली. भीती आणि धोका ओळखणारा मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग, रात्री नीट झोप झालेल्या लोकांच्या तुलनेत त्यांच्यात साधारण 60 टक्के जास्त खवळला. आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी असलेला त्याचा दुवा ढिला पडला. म्हणजे जागरणाने माणूस नुसता पेंगत नाही, तो लवकर दुखावतो, लवकर चिडतो आणि सावरायला त्याला जास्त वेळ लागतो. अशा माणसाला 'श्वासाकडे लक्ष दे' सांगणं म्हणजे उपाशी माणसाला नीट चावून खा सांगणं. इथे तुम्ही बरोबर आहात.

श्वासाने काम कमी होणार नाही, हेही खरं. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जातो असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 97. हा फरक ध्यानाने भरून निघत नाही, तो घरात बोलूनच हलवावा लागतो. आपल्याकडे विश्रांती कधी कुणी आपणहून दिलेली नाही. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या, त्यात रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्धा तास विसावाही होता. अर्धा तास, ताई! तेवढ्यासाठीही सभा घ्यावी लागली. रविवार मिळाला तो 1890 च्या जूनमध्ये. तुमच्या घरातला अर्धा तास मागताना अपराधी वाटलं, तर हे आठवा.

पण सोसायला शिकवते, हे मात्र मला मान्य नाही. सोसणाऱ्या बाईला आपल्याला काय होतंय ते बघायची सवयच उरत नाही. डोकं दुखतंय, जबडा आवळलाय, रडू दाटलंय, हे तिला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळतं. सजगता म्हणजे ते त्याच वेळी कळणं. आणि कळलं की 'आज मला जमणार नाही' म्हणता येतं. मी हे वॉर्डातच शिकले. दोन रुग्णांच्या मध्ये साबणाने हात धुवायला आम्हाला 40 ते 60 सेकंद द्यायचे असतात. तेवढा वेळ मी फक्त पाण्याचा गारवा आणि जमिनीवर टेकलेले पाय जाणवू देते. वेगळा वेळ काढलेला नाही. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, तोही जुनाट दुखण्याने गांजलेल्या, औषधांनी पुरेसा आराम न पडलेल्या रुग्णांसाठी. रिकामा वेळ असलेल्यांसाठी ते नव्हतंच.

जाऊबाईंना सांगा, डोळे मिटायचा आग्रह सोडा. काही जणांना आत बघितलं की भीती वाढते, आणि त्यात त्यांची काही उणीव नसते. डोळे उघडे ठेवून भांडी घासताना आवाज ऐकणं, तळवे जमिनीला दाबणं एवढं पुरे. धडधड एरवीही होत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. झोप उडाली असेल, मन सतत खाली असेल, तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा सरकारी क्रमांक आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आता तुम्ही. झोपायला किती वाजतात ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अकराच्या आधी होत नसणार असं मला वाटतं. परतीच्या गाडीत बसायला मिळालं तर फोन पर्समध्ये ठेवा आणि डुलकी लागू द्या, शेजारणीला स्टेशन सांगून ठेवा. सासऱ्यांच्या सकाळच्या गोळ्या रात्रीच काढून डबीत ठेवायचं आणि सकाळी द्यायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या, नवऱ्याला किंवा मोठ्या मुलाला. दोन-चार दिवस चुकतील, तेव्हा हातातून काढून घेऊ नका. आणि त्याने वाचलेली वीस मिनिटं पोळ्यांना देऊ नका, चार चाळीसचा गजर पाचवर न्या.

महिन्याभराने कळवाल का? जमलं नाही तर तेही लिहा, कुठे अडलं ते.