‘सहाशे पीपी लावा आणि गप्प बसा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेला महिनाभर ठाणे आणि नवी मुंबईतल्या रेसिंग गेम खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला, त्यातला एक माझा मावसभाऊ. मेसेज थोडक्यात असा: लॉबी (सगळ्यांनी मिळून ऑनलाइन शर्यत खेळायची खोली) लावताना होस्टने फक्त पीपीची, म्हणजे गाडीच्या क्षमतेच्या आकड्याची, मर्यादा ठेवावी, बाकी सगळं मोकळं सोडावं. आकडा सारखा म्हणजे गाड्या सारख्या. एखादी गाडी भारी वाटत असेल तर तुम्हीही तीच घ्या, कुणी हात धरलाय? खऱ्या रेसिंगमध्ये असले लाड नसतात. शेवटी जिंकतो तो ड्रायव्हर. आणि नियम वाढवाल तशी माणसं पळतील. खाली तीन हसरे चेहरे आणि शेवटची ओळ: ‘गाडीवर बंदी म्हणजे रडीचा डाव.’

दर शनिवारी रात्री साडेदहाला ग्रान टुरिझ्मो ७ या प्लेस्टेशनवरच्या रेसिंग गेमची लॉबी मी लावतो. मी कासारवडवलीला, बाकीचे कुणी नौपाड्यात, कुणी ऐरोलीत, दोघं खारघरला. पूर्ण भरली तर सोळा जण मावतात, आमचे बहुतेक वेळा दहा-बारा असतात. त्यामुळे हे टोमणे कुणाला आहेत ते मला बरोबर कळलं.

‘आकडा सारखा म्हणजे गाड्या सारख्या.’ सगळी इमारत या विटेवर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबू. पीपी म्हणजे परफॉर्मन्स पॉइंट्स. गाडीची ताकद, वजन, टायर, हवा गाडीला रस्त्यावर किती दाबते असं सगळं मिक्सरमध्ये घालून गेम एक आकडा काढतो. फोर्झा होरायझन ५ या दुसऱ्या गेममध्ये हाच प्रकार पीआय नावाने आहे, तिथे ७०१ ते ८०० म्हणजे ए क्लास, ८०१ ते ९०० म्हणजे एस १. आकडा खोटा नसतो. फक्त तो बेरीज सांगतो, बेरजेत काय काय आहे ते सांगत नाही. दहावीला दोन पोरांना पंच्याऐंशी टक्के पडले, एकाला गणितात अठ्ठ्याण्णव आणि मराठीत बहात्तर, दुसऱ्याला उलट. दोघांना गणिताच्या स्पर्धेला बसवून ‘टक्के सारखे आहेत, आता रडू नका’ असं कुठला मास्तर म्हणेल?

गाडीचंही तेच. टायर मऊ घातले की पीपी वाढतो, कडक घातले की उतरतो. म्हणजे सहाशेच्या आत बसायचे दोन रस्ते आहेत. इंजिन बेताचं ठेवून पैसे टायरवर घालायचे, किंवा टायर साधे ठेवून बॉनेटखाली राक्षस बसवायचा. काट्यावर दोन्ही गाड्या सारख्या.

मावसभावाशी वाद घालत बसण्यापेक्षा एका रविवारी दुपारी त्याला घरी बोलावलं. स्टीअरिंग व्हील जेवणाच्या टेबलाला क्लॅम्प करून बसलो, आई बाजूला मटार सोलत होती. दोन गाड्या सहाशेवर आणल्या. एक माझदा रोडस्टर, हलकी, मऊ टायरवाली. दुसरी डॉज चॅलेंजर डीमन, पॉवर रिस्ट्रिक्टरने आवळून कडक टायरवर बसवलेली. ट्रॅकही दोन घेतले. जपानमधलं त्सुकुबा, लांबी जेमतेम २ किलोमीटर, नुसती वळणं. आणि फ्रान्समधलं ला सार्त, तेही शिकेन (वेग मोडायला घातलेली नागमोडी वळणं) नसलेलं, जिथे एकच सरळ रस्ता जवळपास ६ किलोमीटरचा आहे. प्रत्येक गाडीत प्रत्येकाने पाच-पाच लॅप मारायचे असं ठरलं.

त्सुकुबाला पहिल्याच हेअरपिनला, म्हणजे यू आकाराच्या वळणाला, डॉजने नाक वळवायला नकार दिला. ब्रेक लवकर दाबला तरी तिचं वजन पुढे ढकलत राहतं, आणि वळणातून बाहेर पडताना पायाचं वजन थोडं जास्त पडलं की मागची चाकं जागच्या जागी दळण दळतात. रोडस्टर त्याच वळणातून मांजरासारखी निघून जायची. भावाने रोडस्टर घेतली तेव्हा त्याचा वेळ चांगला, मी घेतली तेव्हा माझा. ला सार्तला चित्र पालटलं. त्या लांब रस्त्यावर रोडस्टरचा काटा एका आकड्यावर जाऊन अडकला आणि पुढे सरकेच ना. डॉज मात्र चढतच राहिली. तिथेही ड्रायव्हर कुणीही असो, डॉजच पुढे.

कारण साधं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो विरोध कापायला लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट हवी. म्हणून लांब सरळ रस्त्यावर गाडीच्या वजनाला कुणी विचारत नाही, तिथे हॉर्सपॉवरच बोलते. आणि हेअरपिनला हॉर्सपॉवर खिशात घालून ठेवावी लागते, तिथे टायर आणि वजन बोलतात. संध्याकाळी साडेसातला माजिवड्याहून कासारवडवलीला निघा, फॉर्च्युनरच्या आधी अ‍ॅक्टिव्हा पोचते. पहाटे तीनला निघा, मग बघा. रस्ता तोच, गाड्या त्याच, फक्त वेळ बदलली. तुम्ही कुठला ट्रॅक लावणार आहात हे तुमच्या सहाशेच्या आकड्याला कुठून माहीत असणार?

शिवाय ट्यूनिंगचे वाकडे आकडे टाकून पीपी खाली पाडायच्या युक्त्याही या गेममध्ये निघाल्या. काही अपडेटमध्ये बुजवल्या गेल्या. पण बाकी सगळं मोकळं सोडलं की नुसत्या आकड्याला फसवणारा कुणीतरी भेटतोच, आणि त्याला आपण दोषही देऊ शकत नाही. नियमात तो बसतोय ना!

‘तुम्हीही तीच गाडी घ्या.’ घेतली असती. गेममधल्या लेजंड कार्सच्या दुकानातल्या काही गाड्यांची किंमत कोटीच्या पुढे क्रेडिट्स (गेममधले पैसे) आहे, आणि त्या कायम विक्रीलाही नसतात, येतात आणि जातात. आमच्यात ऐरोलीचा एक कॉलेजचा पोरगा दोन महिन्यांपूर्वी आलाय. पीएस ४ वर खेळतो, गॅरेजमध्ये मोजून चौदा गाड्या. त्याने शनिवारच्या तासाभरासाठी आठवडाभर क्रेडिट्स गोळा करत बसायचं का? आणि समजा सगळ्यांनी तीच गाडी घेतली, तर झाली की एकाच गाडीची लॉबी. मग आधीच तसं जाहीर करा, पोराचे आठ दिवस वाचतील.

‘खऱ्या रेसिंगमध्ये असले लाड नसतात.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने खरं रेसिंग कुठे पाहिलं, हे मला खरंच विचारायचंय. जीटी३ हा आजचा जगातला सगळ्यात गाजलेला गाड्यांचा वर्ग. २००६ मध्ये स्टेफान राटेल यांनी तो सुरू केला तो मुळात याच कल्पनेवर: इंजिन मागे असलेली पोर्शे, इंजिन पुढे असलेली मर्सिडीज, मधे असलेली फेरारी, या सगळ्या एकत्र पळाव्यात म्हणून कुणाचं वजन वाढवायचं, कुणाच्या इंजिनाचा श्वास आवळायचा. यालाच बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, म्हणजे बीओपी, म्हणतात. आपल्या गेममधलं बीओपीचं बटण तिथूनच आलंय. जपानच्या सुपर जीटीत जिंकणाऱ्या गाडीवर पुढच्या शर्यतीसाठी वजन लादतात. फॉर्म्युला वनमध्ये २०२१ पासून मागे राहिलेल्या संघाला विंड टनेलमध्ये (वाऱ्याच्या झोतात गाडी तपासायच्या बोगद्यात) जास्त वेळ मिळतो आणि विजेत्याला सगळ्यात कमी. कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर फॉर्म्युला एलजीबी पळते, तिथे तर सगळ्यांना एकाच बनावटीची गाडी. आणि मघाचं ला सार्त? तिथे १९८८ मध्ये एका गाडीने ताशी ४०५ किलोमीटर गाठले, १९९० मध्ये त्या सरळ रस्त्यात दोन शिकेन बसवले. तिथे निर्बंध थेट रस्त्यालाच घातला.

मोटारी सोडा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन असतं, हे तिथला पानवालासुद्धा सांगेल. आणि रडीच्या डावाचं म्हणाल तर कुस्तीत वजनगट कशाला असतात? खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेटला लढले, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटला लढले आणि ब्राँझ घेऊन आले. ते हेवीवेटच्या पैलवानाशी लढले नाहीत म्हणून कुणी त्या पदकाला रडीचं म्हणालं? कराडला जाऊन म्हणून दाखवा.

या घोळात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. शर्यतीआधी गाड्या जोखून बरोबरीला आणणं हा वजनगट आहे. शर्यत चालू असताना मागे पडलेल्याला ढकलणं म्हणजे कच्चा लिंबू. लॉबीच्या सेटिंगमध्ये ‘बूस्ट’ नावाचं एक बटण असतं, मागच्याला आपोआप वेग देणारं. ते मी कधीच चालू करत नाही. घरातली लहान मुलं खेळत असतील तर जरूर करावं. स्लिपस्ट्रीमही, म्हणजे पुढच्या गाडीच्या आडोशाने मिळणारा वेग, मी ‘रिअल’वरच ठेवतो, ‘स्ट्राँग’ केलं की सरळ रस्त्यावर सगळे एकमेकांच्या शेपटीला चिकटून लोकलच्या डब्यांसारखे जातात. त्या फॉरवर्डने या दोन गोष्टींना शिव्या दिल्या असत्या तर मी स्वतः पुढे पाठवला असता.

‘शेवटी जिंकतो तो ड्रायव्हर.’ हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच तर निर्बंध हवेत. त्या रविवारच्या प्रयोगाचा शेवट सांगायचा राहिला. निघता निघता आम्ही दोघांनी त्सुकुबाला त्याच रोडस्टरमध्ये आणखी पाच-पाच लॅप मारले. भाऊ दर लॅपला माझ्यापेक्षा साधारण अर्धा सेकंद पुढे. शेवटच्या लांब वळणात तो गॅस माझ्याआधी देतो आणि गाडी तरी बाहेर जात नाही, मी तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा कळलं. तो माझ्यापेक्षा चांगला ड्रायव्हर आहे, आणि हे मला गाडी सारखी झाल्यावरच दिसलं. डॉज विरुद्ध रोडस्टर चालू होतं तोवर त्याचा तो अर्धा सेकंद गाड्यांच्या फरकाखाली गाडला गेला होता. ‘ड्रायव्हर जिंकावा’ म्हणणारा माणूस गाड्या मोकळ्या सोडा म्हणतो, तेव्हा तो स्वतःचंच म्हणणं खोडून काढत असतो. भावाला हे तिथेच बोललो. तो म्हणाला, ‘मेसेज मी वाचून नव्हता पाठवला रे.’

राहिला शेवटचा मुद्दा, ‘नियम वाढवाल तशी माणसं पळतील.’ इथे मात्र मला मान खाली घालावी लागते. सुरुवातीच्या दिवसांत मी अकरा ओळींचा नियमपट ग्रुपवर टाकला होता. पीपी अमुक, वजन किमान इतकं, ताकद कमाल इतकी, टायर हे, फोर व्हील ड्राइव्ह नको, नायट्रस नको, गाडी अमुक सालाआधीची, रंगसुद्धा बहुतेक ठरवला असेन. साडेदहाला रूम उघडली तर निम्म्यांची गाडी आत येईना, उरलेल्यांना नक्की काय चुकतंय ते कळेना, आणि मी एका हातात मोबाइल धरून एकेकाला व्हॉइस मेसेजवर समजावतोय. सव्वाअकरापर्यंत चौघं झोपायला गेले. खारघरच्या एकाने नुसतं लिहिलं, ‘सोसायटीच्या एनओसीला याहून कमी कागद लागतात.’

पण त्यावरून नियमच नकोत हे ठरत नाही. ठरतं ते हे, की कुठले नियम आणि कुठल्या क्रमाने. आता मी आधी ट्रॅक ठरवतो, कारण बाकी सगळं त्यावरून उलगडतं. मग टायरची पायरी बांधतो, सगळ्यांना एकच. नुसत्या या एका गोष्टीने आकड्यातली अर्धी लबाडी निघून जाते, कारण टायर आणि इंजिन यांची अदलाबदलच करता येत नाही. पीपीचा आकडा त्यानंतर. लांब सरळ रस्त्याचा ट्रॅक असेल तर त्याच्या जोडीला ताकदीची कमाल मर्यादा, वळणांचा असेल तर किमान वजन, दोन्ही एकदम सहसा नाही. फोर व्हील ड्राइव्ह फक्त पावसाच्या शर्यतीला बंद करतो, ओल्या रस्त्यावर तिचा फायदा डोळ्यांत भरतो. एवढं झालं की शुक्रवारी रात्री आमच्यातल्या एका सराईताला सगळ्यात हलकी आणि सगळ्यात ताकदवान गाडी देऊन पाच-पाच लॅप मारायला लावतो. फरक अर्ध्या सेकंदात आला तर ठीक, नाही तर आकडा हलवतो. ग्रुपवर जातात त्या तीन ओळी.

कंटाळा आला असेल त्या शनिवारी हे सगळं सोडून सरळ ग्रुप ३ च्या (गेममधल्या जीटी३ सारख्या) गाड्या आणि बीओपी लावतो. गेमच ताकद-वजन ठरवतो, आपल्याला फक्त गाडी चालवायची. तिथेही एखादी गाडी एखाद्या ट्रॅकवर सरस ठरते, खऱ्या जीटी३ मध्येही हंगामभर आकडे बदलत राहतातच, त्याबद्दल फार कटकट करू नये. आणि सलग दोनदा जिंकणाऱ्याने तिसऱ्या शर्यतीला गाडीत ३० किलो बॅलस्ट (जादा वजन) टाकायचा, हा आमचा घरगुती नियम. ट्यूनिंग मोकळं असलेल्या लॉबीतच तो चालतो आणि शब्दावर चालतो, तपासायला कुणी जात नाही.

येत्या शनिवारी त्सुकुबा आहे. स्पोर्ट्स हार्ड टायर, ५०० पीपी, वजन किमान १,००० किलो, बारा लॅप. डॉज आणायची असेल त्याने खुशाल आणावी. ऐरोलीच्या पोराने त्याच्या चौदातली एक जुनी सिव्हिक आत्तापासून ४९८ वर आणून ठेवलीय आणि रोज रात्री मला विचारतोय, उरलेले दोन पॉइंट कशावर घालू.