गंगाजळी न फोडता तहानेने व्याकूळ कसं दिसावं

अभिनंदन! तुम्ही अमेरिकेतल्या एका गडगंज विद्यापीठाचे अध्यक्ष झालात. हार्वर्डच धरून चालू, कारण आकडे त्यांचेच सर्वांत देखणे आहेत. ३० जून २०२४ रोजी तुमच्या देणगीनिधीत, म्हणजे एन्डाउमेंटमध्ये, ५३.२ अब्ज डॉलर होते. रुपयांत साडेचार लाख कोटींच्या आसपास. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने तुमची २.२ अब्ज डॉलरची बहुवार्षिक अनुदानं गोठवली आणि तेव्हापासून जो भेटतो तो एकच विचारतो : एवढं आहे ना, मग काढा की त्यातून!

घाबरू नका. उत्तर मराठी भाषेने आधीच देऊन ठेवलंय. राखीव निधीला आपण गंगाजळी म्हणतो. काशीहून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला तांब्याचा गडू. एखादा मावंद्याला फुटतो, पण देव्हाऱ्यातला राखून ठेवायचा तो कुणाच्या तरी शेवटच्या घोटासाठी. घरात नळ कोरडा पडला म्हणून तो कुणी फोडत नाही. तुमचं विद्यापीठ १६३६ पासून जिवंत आहे आणि मरण्याचा त्याचा बेत नाही. तेव्हा गडू फोडण्याचा मुहूर्त येणारच नाही.

आता कामाला लागा. सर्वांत आधी एक आकडा पाठ करा : १४ हजार. तुमची एन्डाउमेंट हे एक खातं नसून १४ हजारांहून अधिक निधींचं गाठोडं आहे आणि त्यातली सुमारे ८० टक्के रक्कम देणाऱ्याने नेमून दिलेल्या कामाला बांधलेली आहे. हे खरं आहे, म्हणून तर हत्यार म्हणून उत्तम. मुंबईकराला उदाहरण द्यायचं तर घरचंच द्या : २०१० साली टाटा समूहाने हार्वर्ड बिझनेस स्कूलला ५ कोटी डॉलर दिले, त्यातून टाटा हॉल उभा राहिला, त्याच वर्षी आनंद महिंद्रांनी मानव्यविद्या केंद्राला १ कोटी दिले. टाटा हॉलच्या विटा विकून क्षयरोगाच्या प्रयोगशाळेचं वीजबिल भरता येत नाही, हे ऐकून समोरचा गप्प बसतो.

उरलेले २० टक्के म्हणजे जवळपास १० अब्ज. हा आकडा स्वतःहून उच्चारायचा नाही. कुणी उच्चारलाच, तर ‘ते आधीच कामाला लागलेत’ एवढंच म्हणा. कायदाही स्वतः वाचा, पण इतरांच्या हाती लागू देऊ नका. २००६ चा युनिफॉर्म प्रुडंट मॅनेजमेंट ऑफ इन्स्टिट्यूशनल फंड्स अ‍ॅक्ट पेनसिल्व्हेनिया सोडून सगळ्या राज्यांनी स्वीकारला आहे आणि त्यात अटी सैल करायच्या वाटा दिल्या आहेत. देणगीदार हयात असेल तर त्याची लेखी संमती घ्या. नसेल तर राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलला कळवून कोर्टात जा. छोट्या आणि जुन्या निधींना तर कोर्टाचीही पायरी चढावी लागत नाही. १४ हजार निधींपैकी कितींसाठी हे करून पाहिलं, असं कुणी विचारू नये यासाठी ‘देणगीदारांचा पवित्र विश्वास’ हा शब्दप्रयोग हाताशी ठेवा.

गणितात मात्र तुम्हाला जरा धोका आहे. २०२३-२४ मध्ये एन्डाउमेंटमधून २.४ अब्ज डॉलर खर्चाला घेतले, म्हणजे साडेचार टक्के. केंद्र सरकारकडून संशोधनाला त्या वर्षी आले ६८.६ कोटी. ते सगळेच्या सगळे स्वतःच्या खिशातून घातले तरी टक्का ५.८ वर जातो. काही राज्यांत ७ टक्क्यांच्या वरचा खर्च अविचारी मानला जातो, पण ५.८ ला अविचारी ठरवणं जड जाईल. यावर तोडगा असा : समोरचा तीन वर्षांचं विचारेल, तुम्ही उत्तर अनंतकाळाचं द्या. दरवर्षी ६८.६ कोटी कायमचे हवे असतील तर ५ टक्के दराने १३.७ अब्जांची मोकळी मुद्दल लागते आणि मोकळे आहेत १०. झालं सिद्ध! तीन वर्षांची कळ काढायला २ अब्जांच्या थोडं वर लागेल, हे सांगायची जबाबदारी तुमची नाही.

आता खरी कारागिरी. पैसा असूनही हाती लागू नये अशी व्यवस्था आगाऊ करून ठेवावी लागते. हार्वर्डच्या निधीतले ३९ टक्के प्रायव्हेट इक्विटीत, म्हणजे शेअर बाजाराबाहेरच्या कंपन्यांत, होते, ३२ टक्के हेज फंडांत, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांच्या खासगी फंडांत, आणि रोकड होती ३ टक्के. प्रायव्हेट इक्विटीचा करार साधारण दहा वर्षांचा. पैसे कबूल आज करायचे, पण मागणी येईल तेव्हा हप्त्याहप्त्याने द्यायचे. परत कधी मिळतील ते फंड चालवणारा ठरवतो. मध्येच बाहेर पडायचं तर आपला हिस्सा दुसऱ्याला पडत्या भावाने विकायचा. कागदावर अब्जाधीश, गल्ल्यात चणचण. याची रंगीत तालीम २००८-०९ मध्ये झाली. निधीच्या गुंतवणुकीवर एका वर्षात २७.३ टक्के तोटा झाला. फंडांकडून हप्त्यांच्या मागण्या येतच राहिल्या, व्याजदरांवरचे सौदे अंगाशी आले, ते मोडायला जवळपास ५० कोटी डॉलर मोजावे लागले, शेवटी अडीच अब्जांचे रोखे काढून कर्ज उभं केलं. ऑलस्टनमधल्या विज्ञान संकुलाचं काम अर्ध्यावर थांबलं आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतला आठवड्याच्या दिवसांचा गरम नाश्ता बंद झाला. हेज फंड शिल्लक, अंडी बंद. यातून धडा घ्यायचा तो एवढाच की २०२५ मध्येही आधी रोखेच काढायचे. एप्रिलमध्ये काढलेही, ७५ कोटींचे.

कुणी अजून हट्ट धरला तर त्याला घंगाळाची गोष्ट सांगा. हार्वर्डमध्ये जुनी म्हण आहे : ज्याचं घंगाळ त्याच्याच बुडावर उभं. प्रत्येक शाळेचा, म्हणजे विद्याशाखेचा, हिशेब वेगळा. बिझनेस स्कूलचं घंगाळ काठोकाठ भरलेलं असलं, तरी सार्वजनिक आरोग्याच्या शाळेने त्यात तांब्या बुडवायचा नाही. सरकारी अनुदानावर सर्वांत जास्त विसंबून असलेली शाळा नेमकी तीच.

आता अशा खर्चाकडे वळू जो एन्डाउमेंट सहसा भरतच नाही. एनआयएच, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था, प्रयोगाला थेट खर्चाचे १०० डॉलर देते तेव्हा त्यावर इमारत, वीज, प्राण्यांची निगा, जैवसुरक्षा, हिशेबनीस यांच्यासाठी वेगळे पैसे देते. हार्वर्डचा हा दर ६९ टक्के. काही खर्च वगळून तो लागतो, पण ढोबळमानाने १०० ला ६९. त्यातल्या प्रशासकीय भागावर १९९१ पासून २६ टक्क्यांची मर्यादा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने जाहीर केलं की यापुढे सर्वांना सरसकट १५. म्हणजे प्रत्येक १०० मागे ५४ डॉलरचं भगदाड. कोर्टाने ते अडवलं ही गोष्ट वेगळी, पण समजा बुजवायचं ठरलंच, तर कुणाच्या देणगीतून? अध्यासनाला नाव द्यायला लोक रांग लावतात. उणे ८० अंशाच्या फ्रीझरच्या वीजबिलासाठी कुणी मृत्युपत्र करत नाही. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ रासायनिक सांडपाण्याचा निचरा’ अशी पाटी अजून कुठल्या भिंतीवर दिसली नाही.

तुम्ही विद्यापीठात नसून वॉशिंग्टनमध्ये बसला असाल तर तुमचं काम आणखी सोपं. मे २०२५ मध्ये शिक्षणमंत्री लिंडा मॅकमहन यांनी हार्वर्डला पत्र लिहून बजावलं की नवं अनुदान विसरा आणि आपल्या अवाढव्य एन्डाउमेंटवर चालवा. ४ जुलैला त्याच सरकारने कायदा केला : ज्या खासगी विद्यापीठाकडे दर विद्यार्थ्यामागे २० लाख डॉलरहून जास्त निधी, त्याच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर ८ टक्के कर. २०१७ च्या कायद्याने तो १.४ टक्के होता. आधी सांगायचं गडू फोडा, मग गडूतल्या पाण्यावर पट्टी लावायची. त्या कराची एक खुबी लक्षात ठेवा. तुम्ही उत्पन्न कर्करोगाच्या संशोधनावर खर्च करा की पुन्हा हेज फंडात घाला, कर तेवढाच. खासगी धर्मादाय संस्थांना दरवर्षी साधारण ५ टक्के वाटण्याची सक्ती आहे. ‘अमुक टक्के प्रयोगशाळांना द्या आणि करातून सुटा’ अशी अट घालता आली असती. पण मग पैसा खरोखरच बाहेर आला असता.

आणि हो, बोलताना कायम हार्वर्डचंच उदाहरण घ्या. २०२४ च्या पाहणीत ६५८ अमेरिकी संस्थांकडे मिळून ८७३.७ अब्ज डॉलर होते, पण मधल्या संस्थेचा निधी २४.३ कोटी. त्याचे ५ टक्के म्हणजे १.२ कोटी. त्यात अनुदानाची भरपाई सोडा, एक बऱ्यापैकी संशोधन केंद्रही चालत नाही. कपात मात्र सर्वांना सारखी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं तर यूएसएड ही परदेशांना मदत देणारी सरकारी संस्था बंद पडल्याने ८० कोटींचं काम गेलं आणि २ हजारांहून जास्त माणसं कमी झाली. कोलंबिया विद्यापीठाने वेगळी वाट धरली : ४० कोटींची अनुदानं रद्द झाली, जुलैत २२.१ कोटींची तडजोड केली. तडजोडीला पैसा सापडतो. तो कुठल्या निधीच्या अटीत बसला, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नाही.

तरीही काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं. हार्वर्डने २५ कोटी डॉलर स्वतःचे घातले, अध्यक्षांनी पगारात २५ टक्के कपात घेतली. इथेच थांबायचं. बाकीची झळ अशा ठिकाणी ढकला जिथून आवाज येत नाही. नोकरभरती गोठवा. विज्ञान शाखेतल्या पीएच.डी.च्या जागा दोन वर्षांसाठी तीन चतुर्थांशांनी घटवा. पुण्याहून गेलेल्या पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या कंत्राटी संशोधकाची, काळजी करू नका. एच-वन-बी असेल तर नोकरी सुटल्यावर त्याला ६० दिवस मिळतात, तेवढ्यात तो भाड्याची अनामत परत मिळवेल, फर्निचर विकेल आणि मुलीचा शाळेचा दाखला काढेल. प्राध्यापकांना मात्र आधीच बजावा की अनुदान हे परतफेडीवर चालतं : खर्च आधी, वसुली मागून. काम थांबवण्याचा हुकूम आला की त्या दिवसानंतरचा प्रत्येक डॉलर तुमच्या खिशातला. म्हणून उंदरांचे पिंजरे आधी कमी करायचे. चार-पाच पिढ्या संकर करून मिळवलेला वाण असेल तर गर्भ गोठवून ठेवा, त्यालाही वेळ आणि पैसा लागतो म्हणा. वीस वर्षं रक्ताचे नमुने देणारी माणसं एकदा सुटली की ती मात्र गोठवता येत नाहीत.

३ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायाधीश अ‍ॅलिसन बरोज यांनी अनुदान तोडणं बेकायदा ठरवलं. तुम्ही सुटकेचा निःश्वास सोडा आणि वार्षिक अहवाल लिहायला घ्या. पहिल्या पानावर ११.३ कोटींची तूट ठळक छापा. एन्डाउमेंटने वर्षभरात ११.९ टक्के परतावा दिला आणि ती ५३.२ वरून ५६.९ अब्जांवर गेली, हेही छापावं लागेल, पण वेगळ्या तक्त्यात. दोन तक्ते एका पानावर येऊ देऊ नका. किती पिंजरे रिकामे झाले यासाठी कुठल्याच तक्त्यात रकाना नाही, त्यामुळे ती जागा वाचते.