तात्यांचा शेअर आणि माझी पिन

आंब्याचा शेवटचा ट्रक वाशीला जातो, दलालाची पट्टी येते आणि देवगडच्या बागायतदाराच्या हातात वर्षातून एकदाच पैसा दिसतो. तो पावसाआधी कुठेतरी लावून टाकावा लागतो, नाहीतर कौलं, मांगर आणि लग्नाचे आहेर मिळून त्याचा निकाल लावतात. आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, यंदा तो ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कम्प्युटरातलं चित्र पडद्यावर पाठवणारा भाग, बनवणाऱ्या कंपन्यांत घालायचं ठरवलं. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतो, म्हणजे वाडीच्या भाषेत ‘कम्प्युटरात’ आहे. कुणाचा प्रिंटर अडला, मोबाइल विहिरीत पडला, सातबारा ऑनलाइन दिसेना, की मलाच हाक. शेअर बाजार तेवढा राहिला होता.

संध्याकाळी खळ्यात बैठक बसली. तात्या, शेजारचे निवृत्त मास्तर आणि मधे मी.

“एनव्हिडिया 1999 च्या जानेवारीत 12 डॉलरला बाजारात आली,” मी सुरुवात केली. “तेव्हाच्या एका शेअरचे तुकडे पडत, म्हणजे स्प्लिट होत होत, आज 480 झालेत.”

तात्यांनी सुपारी कातरायची थांबवली. “चारशेऐंशी? आणि हय थ्रिप्सान मोहोर खाल्लो. ह्या तू आता सांगतंस?”

“तात्या, मी तेव्हा चौथीत होतो.”

“चौथीत होतंस. तोंड होता मा तुका?”

यावर उत्तर नसतं. तात्यांना जरा थंड करावं म्हणून मी मेलेल्या कंपन्यांची यादी काढली. थ्रीडीएफएक्स हे एके काळी गेम खेळणाऱ्यांचं दैवत. चिप बनवून दुसऱ्या कार्डवाल्यांना विकायची, तोवर बरं चाललं होतं. मग तिने कार्ड बनवणारी एक कंपनी विकत घेतली आणि कार्डं स्वतःच विकायला काढली. कालची गिऱ्हाइकं आज प्रतिस्पर्धी झाली आणि चिपसाठी शेजारच्या दारात, म्हणजे एनव्हिडियाकडे गेली. 2000 साल संपता संपता एनव्हिडियाने तिचीच मालमत्ता विकत घेतली. नंबर नाइनची गोष्ट तर अजून करुण. सिलिकॉन ग्राफिक्सने एक देखणा सपाट पडदा काढला, त्याचं सॉकेट जगावेगळं, आणि त्या सॉकेटसाठी नंबर नाइनने खास कार्ड केलं. जगाने दुसरंच सॉकेट उचललं. कार्डवाली कंपनी थोड्याच काळात उरली नाही.

मास्तर इतका वेळ डोळे मिटून होते. (ते झोपतात की ऐकतात हे शाळेतही कुणाला कळलं नव्हतं.) ते म्हणाले, “म्हणजे कार्डवाले मरतात, भोक राहतं. पैसे भोकात घालावेत.”

“भोकात पैसे मी बोअरवेलच्या येळाक घातलंय,” तात्या म्हणाले. “पाणी नाय लागला.”

पण मास्तरांचं म्हणणं मला पटलं, आणि इथेच मी अडकलो. सपाट पडद्यांच्या सॉकेटचा इतिहास म्हणजे भाऊबंदकीच. 1997 मध्ये एक मानक आलं, प्लग अँड डिस्प्ले. ते महाग आणि अवजड पडलं म्हणून दुसरं आलं, डीएफपी. ते रुजायच्या आत 1999 च्या एप्रिलमध्ये इंटेल, कॉम्पॅक, आयबीएम, एचपी, फुजित्सू, एनईसी आणि सिलिकॉन इमेज एकत्र बसले आणि त्यांनी डीव्हीआय आणलं. मग एचडीएमआय, मग डिस्प्लेपोर्ट. गंमत अशी की पहिल्या चार मानकांच्या तारेतून आतला संकेत एकाच पद्धतीचा धावतो. ती पद्धत सिलिकॉन इमेजची. फक्त तोंडं वेगळी.

“मग तीच घ्या!” मास्तर उठून बसले.

“ती 2015 मध्ये लॅटिस नावाच्या कंपनीने गिळली.”

मास्तरांनी पुन्हा डोळे मिटले. आणि ज्या व्हीजीएला इंटेल, एएमडी वगैरे मंडळींनी 2010 मध्ये ‘2015 नंतर दिसणार नाही’ असं बजावलं होतं, ते 1987 सालचं पंधरा पिनांचं सॉकेट आमच्या ग्रामपंचायतीच्या प्रोजेक्टरवर अजून ठणठणीत आहे. ग्रामसभा त्याच्याच जोरावर चालते.

अमेरिकेचा बाजार या दिवसांत आपल्या संध्याकाळी सातला उघडतो. तात्यांना भाव मोठ्या पडद्यावर हवा होता. त्यांचा जुना मॉनिटर आम्ही माळ्यावरून उतरवला, झुरळं झाडली. त्याचं व्हीजीए सॉकेट कुठल्या तरी पावसाळ्यात गंजून गेलेलं, उरलं डीव्हीआय. माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. तालुक्याच्या दुकानातून अडॅप्टर आणला होता. दुकानदार म्हणाला होता, “ह्या बसताच.” तो बसेना. अडॅप्टरच्या चपट्या पात्याभोवती चार जादा पिना होत्या, जुन्या ॲनालॉग संकेतासाठीच्या. मॉनिटरला त्यांच्यासाठी भोकंच नव्हती. दुकान बंद झालेलं. सात वाजायला दहा मिनिटं कमी.

“पक्कड आणा,” मास्तर म्हणाले.

मी विरोध केला. मानक म्हणजे काय, सात बड्या कंपन्यांची सही म्हणजे काय, हे सांगितलं. तोवर मास्तरांनी चारही पिना मुळासकट उपटल्या होत्या, आणि त्या ज्या सहजतेने उपटल्या त्यावरून ते पूर्वी कान कसे धरत असतील याचा अंदाज आला. अडॅप्टर बसला. पडदा उजळला. इलाज बरोबरच होता म्हणा. डिजिटल पडद्याला त्या चार पिनांचं काही देणंघेणं नसतं.

सात वाजले. आलेख हिरवा, लाल, पुन्हा हिरवा होत होता. तात्या त्याच्याकडे बघतच नव्हते. त्यांनी तळहातावर त्या चार पिना घेतल्या होत्या आणि चष्मा कपाळावर सारून एकेक उलटीसुलटी पाहत होते.

“ह्यो पिनो बनयणाऱ्या कंपनीचो शेअर मेळात काय रे?”

मी अडॅप्टर फिरवून फिरवून पाहिला. त्यावर कंपनीचं नावच नव्हतं.

“मग ता आधी शोध,” तात्या म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.